तळमजल्याची अट

नवऱ्याने डिसेंबरच्या सुट्टीसाठी बँकॉकची सहल ठरवली आणि तिला 'निवांत सहल' असं नाव दिलं. नाव देऊन झाल्यावर त्याने तिचा तक्ता केला. त्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रंगीत रकाने होते आणि रोज दुपारच्या एका पिवळ्या रकान्यात 'निवांत' असं लिहिलं होतं. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठमोठे प्रकल्प वेळेत संपवायचं काम करतो. अशा माणसाला निवांतपणासुद्धा वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपलेला बरा वाटतो.

जाणारे आम्ही चौघं: तो, मी, आमची चौदा वर्षांची मुलगी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आईच म्हणते, म्हणून इथेही आईच म्हणेन. सहल खरं तर त्यांच्यासाठी होती, पण हे त्यांना सांगायचं नव्हतं. त्यांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण कळलंय हे त्यांनाही आम्हाला सांगायचं नव्हतं. प्रेमळ कुटुंबांत माहितीची देवाणघेवाण साधारण अशीच चालते.

सासरे गेल्यापासून आई नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि आईंचे गुडघे आता प्रत्येक पायरीशी वाद घालू लागले होते. त्या फ्लॅटला चांगलं गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याला हो की नाही एवढंच हवं होतं. हो म्हटलं तर आई कायमच्या बंगळूरला आमच्याकडे. नाही म्हटलं तर परत नागपूर, एकट्याने. दिवाळीला त्या आमच्याकडे आल्या त्या याचाच अंदाज घ्यायला. नवरा दर दोन दिवसांनी विषय काढायचा आणि त्या दर वेळी म्हणायच्या, "संक्रांत जाऊ दे नं, मग सांगते." संक्रांत जवळ येऊ लागली तसा नवरा घाबरला. आईचा कल नागपूरकडे दिसतोय, असं त्याला वाटलं. तिला आपल्याबरोबर चार दिवस मजेत घालवता आले तर ती विरघळेल, असा त्याचा हिशोब होता.

आम्ही मारतहळ्ळीला राहतो, रिंग रोडच्या अगदी जवळ. जवळ म्हणजे नकाशावर. प्रत्यक्षात तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळात मुलीचा एक पेपर सोडवून होतो. घर तेराव्या मजल्यावर आहे. आईंना कसलाही त्रास पडू नये अशी नवऱ्याने चोख व्यवस्था केली होती. दूध पहाटे दाराला अडकवलेल्या पिशवीत येऊन पडायचं. भाजी, किराणा, औषधं, अगदी देवाची फुलंसुद्धा फोनवर बोट टेकवलं की दाराशी. आई एकदा म्हणाल्या, "मी खाली जाऊन कोथिंबीर घेऊन येते." त्यांचा एक पाय चपलेत जाईपर्यंत नवऱ्याने कोथिंबीर मागवलेली होती. आईंनी तो पाय चपलेतून काढून घेतला.

शिवाय आमच्या सोसायटीत कुणीही आलं की रखवालदार अ‍ॅपवरून परवानगी मागतो आणि ती नवऱ्याच्या फोनवर येते. पलीकडच्या टॉवरमधल्या, मूळच्या अमरावतीच्या एक बाई एकदा दुपारी आईंना भेटायला आल्या. नवरा मीटिंगमध्ये होता. परवानगी मिळाली नाही, बाई खालूनच परत गेल्या. आईंना हे कळलं ते बऱ्याच दिवसांनी, बागेत त्या भेटल्या तेव्हा. "तुमच्याकडे येणं म्हणजे कलेक्टरकडे येण्यासारखं आहे हो," असं त्या म्हणाल्या. आईंनी घरी येऊन हे हसत सांगितलं. नवराही हसला. त्याला तो सोसायटीच्या सुरक्षाव्यवस्थेचा गौरव वाटला असावा.

बँकॉकमध्ये नवऱ्याला अठ्ठाविसाव्या मजल्यावरची सदनिका घ्यायची होती. गच्चीवर पोहण्याचा तलाव, खाली व्यायामशाळा आणि नदीचं विहंगम दृश्य. 'विहंगम' हा शब्द मी घालते आहे. जाहिरातीत त्याहून वाईट शब्द होता. पण मुलीने नदीपलीकडच्या जुन्या भागातलं एक बैठं घर शोधून काढलं. तिच्या निवडीचं कारण असं की, फोटोत पायरीवर एक मांजर बसलेलं होतं. आई म्हणाल्या, "पोरीचं ऐक." आईंनी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कशाबद्दल तरी मत दिलं होतं, त्यामुळे ठराव लगेच मंजूर झाला.

घर एका अरुंद गल्लीत होतं. दोन खोल्या, एक छोटं स्वयंपाकघर, पुढे लोखंडी सरकतं दार आणि दाराबाहेर दोन माणसं बसतील एवढा कट्टा. कट्ट्यावरून पाय सोडले की ते थेट गल्लीत. समोरच्या घराचा कट्टाही तसाच. तिथे साधारण आईंच्याच वयाची एक बाई शेगडीवर केळी भाजत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विकायची. फोटोतलं मांजर तिचं निघालं. नवऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत घरातले दोष काढले: गल्लीतून मोटारसायकली जातात, पहाटे देवळाची घंटा वाजते, खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही ऐकू येतो.

"ऐकू येतो, पण समजत नाही नं," आई म्हणाल्या. "मग त्रास कशाचा?"

पहिल्याच संध्याकाळी समोरची बाई रस्ता ओलांडून आली. दोन्ही हात जोडून तिने नमस्कार केला आणि एक चिनीमातीचा वाडगा पुढे केला. वाडग्यावर बाहेरून कोंबड्याचं रंगीत चित्र होतं. आईंनी आधी चित्राकडे आणि मग आमच्याकडे बघितलं.

"कोंबडा बाहेरच आहे नं? आत नाही नं?"

मुलीने फोनवर भाषांतर करून विचारलं. बाई खो खो हसली आणि तिने बोटाने आपल्या शेगडीजवळचा केळ्यांचा घड दाखवला. आत नारळाच्या गरम दुधात शिजवलेली केळी होती, किंचित खारट. आईंनी एक घास खाल्ला.

"बाप्पा! हे तं शिकरण आहे," त्या म्हणाल्या. "फक्त ताप आलेलं."

तक्त्यानुसार तिथून पुढे आमची सहल सुरू झाली. आम्ही होडीने नदी ओलांडली, सोनेरी देवळं पाहिली, पहुडलेल्या बुद्धाच्या तळपायांसमोर रांगेत उभे राहिलो. प्रत्येक मोठ्या देवळाशी जरीच्या पोशाखात फोटो काढून घेणाऱ्यांची गर्दी होती. पोशाख भाड्याने मिळतात आणि तासाभरासाठी कुणालाही राजकन्या होता येतं. बंगळूरमध्ये लग्नाच्या हॉलबाहेर फेटे वाटतात तेव्हा मला असंच वाटतं: एवढ्या सहज मिळणाऱ्या थाटाचा थाट तो काय राहणार! आई सगळं बघत होत्या, छान छान म्हणत होत्या आणि होडीत बसल्या की घड्याळ बघत होत्या. मला वाटलं, दमल्या. पण त्यांच्या डोक्यात वेगळाच विषय होता.

"वाडगा परत द्यायचा आहे," त्या मला हळूच म्हणाल्या. "घालू काय त्यात?"

हे मराठी वाचकाला समजवायला नको. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. साखर तरी घालायची, चार शेंगदाणे तरी घालायचे. आमच्या तेराव्या मजल्यावर हा प्रश्न कधी आला नव्हता, कारण तिथे सगळं खाणं प्लॅस्टिकच्या डब्यांतून येतं आणि डबे कचऱ्यात जातात. परत करण्यासारखं कुणाचं काही आमच्या घरात नसतंच. पण इथे ओट्यावर कोंबड्याचा वाडगा धुऊन पालथा पडला होता आणि तो आईंच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्यांनी सामानातले बेसनाचे लाडू काढले, जे त्यांनी नवऱ्याला मधल्या वेळेला लागतील म्हणून आणले होते, आणि वाडगा भरून समोर देऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी वाडगा परत आला. या वेळी त्यात केळीच्या पानात बांधून वाफवलेल्या चिकट भाताच्या पुड्या होत्या. आई खूश झाल्या आणि काळजीतही पडल्या. लाडू संपले होते. शेजारणीकडेही हीच रीत आहे, की ती आपली मनात म्हणत होती, 'ही बया आता थांबणार तरी कधी,' हे मला आजही माहीत नाही. दोन्ही शक्य आहे. पण दोघींपैकी कुणीही थांबायला तयार नव्हती.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर आई घरात नाहीत. नवरा अनवाणीच गल्लीत धावला. त्याचा चेहरा असा झाला होता की, थोड्या वेळात थायलंडच्या सरकारला दखल घ्यावी लागली असती. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आई आणि शेजारीण येताना दिसल्या. शेजारणीच्या हातात केळ्यांचे घड, आईंच्या हातात एक पिशवी.

"आई! कुठे गेली होतीस?"

"बाजारात. कुठं जाणार?"

"फोन नाही नेलास, भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही..."

"भाषा तुलाही येत नाही," आई म्हणाल्या. "मी गेले, बोट दाखवलं, तिनं तिचं सांगितलं, मी माझं. मुगाची डाळ भेटली. गूळ भेटला, ताडाचा असावा. आता सरक, मला खीर टाकायची आहे."

त्यांनी नारळाच्या दुधात मुगाच्या डाळीची खीर केली. शेजारणीने ती चाखली, डोळे मोठे केले, आत गेली आणि स्वतःचं एक पातेलं उचलून आणलं. त्यात जवळजवळ तीच खीर होती. मग दोघी कट्ट्यावर बसून एकमेकींच्या पातेल्यांत चमचे घालून बराच वेळ वाद घालत होत्या. आई वऱ्हाडी वळणाच्या मराठीत, ती थाई भाषेत. मुलगी भाषांतराला फोन घेऊन धावली तर आईंनी तिला हातानेच थांबवलं. "राहू दे. समजून राहिलं आहे." काय समजत होतं कोण जाणे, पण वादाचा विषय वेलची हा होता एवढं मलाही कळलं.

त्यानंतर तक्ता ढासळू लागला. सकाळी आई बाजारात, परत आल्यावर कट्ट्यावर. त्या केळी सोलून द्यायच्या, शेजारीण भाजायची. गिऱ्हाईकं आईंनाही हात जोडून नमस्कार करायची. मुलगी मांजराला घेऊन पायरीवर पुस्तक वाचायची. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नुसती बसले होते. नवरा एकटाच आत बसून रकाने पुढे-मागे सरकवत होता.

शेवटून दुसऱ्या संध्याकाळी त्याने नदीतल्या जेवणाच्या बोटीची तिकिटं काढली होती. सहलीचा तो कळस होता. दिव्यांनी सजवलेली बोट, नाच, बुफे. दुपारीच आईंनी सांगितलं की त्यांना जमणार नाही.

"का?"

"वाडगा माझ्याकडे आहे. संध्याकाळी ती उसळ चाखायला येणार आहे."

"आई, एका वाडग्यासाठी बोट सोडायची? उद्या दे ना!"

"उद्या गडबड होईल. तुम्ही जा नं. मी आहे घरी."

नवरा पुढे काहीतरी बोलणार होता, पण थांबला. मीही ऐकलं होतं. दिवाळीपासून आमचं घर त्यांच्या तोंडी 'तुमच्याकडे' असंच येत होतं. तुमच्याकडे वारा जास्त आहे, तुमच्याकडे पाणी जड आहे. चार-आठ दिवसांच्या भाड्याच्या घराला मात्र त्या सहज घर म्हणून गेल्या. त्याचा चेहरा बघून मी म्हटलं, "तुम्ही दोघं जा. मी थांबते आईंबरोबर."

ते गेले. शेजारीण आली, उसळीचा एक चमचा तिने तोंडात घातला, ठसका लागला, पाणी प्यायली आणि पुन्हा वाढायची खूण केली. मग तिच्या शेगडीवर गिऱ्हाईकं आली तशी ती उठून गेली. कट्ट्यावर मी आणि आई उरलो. गल्लीत दिवे लागत होते. संक्रांत तोंडावर होती. मी विचारलं, "नागपूरची आठवण येते का?"

"येते नं. पण कोणत्या नागपूरची?" आईंनी पाय लांब केले. "समोरची वहिनी पोराकडे गेली अमेरिकेत. खालच्यांनी कुलूप लावलं, तुझ्या पुण्यातच आहेत. वरती कुणी डॉक्टर आहे, तो दिसतच नाही. मी सकाळी दार उघडते, पेपर उचलते, दार लावते. संध्याकाळी बाई भांडी घासायला येते, ती पण कानात ते घालून गाणे ऐकत राहते."

"मग विकायचा फ्लॅट?"

"विकून जाऊ कुठं? तेराव्या मजल्यावर? तिथं तं पेपरही नाही येत."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"तुझ्या नवऱ्याला हे मी सांगू नाही शकत," त्या म्हणाल्या. "तो एवढं करून राहिला माझ्यासाठी. एवढं करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? वाईट वाटते त्याला. लहानपणापासून तसाच आहे."

"मला सांगितलंत की."

"तू पुण्याची आहेस. तुला वाईट वाटत नाही."

मी ते कौतुक म्हणून घेतलं. मग त्या आपणहून बोलल्या.

"मला काय पाहिजे सांगू? दार उघडलं की रस्ता पाहिजे. कुणी मला बोलवायला नको, मी कुणाला बोलवायला नको. बसल्या जागी माणूस दिसला पाहिजे, अन् त्यानं मला विचारलं पाहिजे, काय हो, आज काय केलं? एवढंच. पण हे कुठं मिळते आता? इथं मिळालं, तं इथं परवा विमान आहे."

मी सरकून त्यांच्याजवळ बसले. पुण्याची असूनही.

नवरा आणि मुलगी परतले तेव्हा आम्ही तिथेच बसलो होतो. "कशी होती बोट?" आईंनी विचारलं.

"आजी, ती बोट एका पुलाखालून गेली, वळली आणि त्याच पुलाखालून परत आली," मुलगी म्हणाली. "मध्ये एका काकांनी हिंदी गाणी म्हटली. सगळे भारतातलेच होते. आपल्या सोसायटीचं वार्षिक संमेलनच."

नवरा आमच्याजवळ कट्ट्यावर बसला. जागा दोघांपुरतीच होती, त्यामुळे त्याचा अर्धा भाग हवेत होता, पण तो तसाच बसून राहिला.

निघताना आई आणि शेजारीण एकमेकींच्या हातांवर हात ठेवून उभ्या होत्या. रडारड झाली नाही. पुन्हा भेट होणार नाही हे दोघींना माहीत होतं आणि 'पुन्हा भेटू' असं खोटं कुणी म्हणालं नाही, हे मला आवडलं.

बंगळूरला परतल्यावर नवरा संक्रांतीची वाट बघू लागला, परीक्षेच्या निकालाची बघतात तशी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जेवताना आईंनी भाताचा घास बाजूला ठेवला.

"फ्लॅट विकून टाक," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचा चेहरा उजळला. "म्हणजे इथेच राहणार ना!"

"बंगळुरात राहीन. इथं नाही राहणार."

"म्हणजे?"

"भाड्यानं वेगळं घर बघ माझ्यासाठी. लहान चालते. पण तळमजला पाहिजे, अन् दार रस्त्यावर उघडलं पाहिजे. मधात फाटक नको, लिफ्ट नको, कुणाची परवानगी नको. फ्लॅटचे पैसे बँकेत टाकू, त्याच्यातून भाडं जाईल."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे पाहिलं.

"आई, तुला इथे काय कमी आहे?"

"काही कमी नाही. म्हणूनच तं."

"एकाच शहरात मुलगा असताना आई वेगळी राहते? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक?" आई म्हणाल्या. "तेराव्या मजल्यावर लोक आहेत कुठं?"

"बाबा, आजीला कोरमंगल्यात पीजी बघू या," मुलगी म्हणाली. "वायफाय असतं. रात्री दहानंतर आत घेत नाहीत, पण आजी तेव्हा झोपलेलीच असते."

आई एकट्याच हसल्या. नवरा ताट तसंच ठेवून उठला.

पुढचे काही दिवस घरात फार सभ्य वातावरण होतं. नवरा सगळ्यांना 'प्लीज' म्हणत होता. एका रात्री त्याने मला विचारलं, "माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "काहीच नाही. तू आईंना काही करूच दिलं नाहीस, एवढंच." हे त्याला पटलं नाही. पण त्याच शनिवारी तो गाडीची किल्ली घेऊन आईंना म्हणाला, "चल, घरं बघू." ज्या गोष्टी पटत नाहीत त्याही नीट करणं हा त्याचा खरा गुण आहे. त्यासाठीच मी त्याच्याशी लग्न केलं असावं.

घरं सहज मिळाली नाहीत. तळमजले या शहरात आता गाड्यांसाठी असतात. माणसांना वर पाठवून खाली मोटारी उभ्या करायची पद्धत आहे. शेवटी इंदिरानगरच्या मागच्या अंगाला, जुन्या वसाहतीत एक मिळालं. मालक वर राहत होते. वडिलांच्या वेळेपासून बंगळूरचे, एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले मराठी गृहस्थ. त्यांची मराठी ऐकायला गोड होती. वाक्य आमच्यासारखं निघायचं आणि कन्नड सुरावर जाऊन टेकायचं.

"अक्का, आधीच सांगतो, मागनं कटकट नको," ते आईंना म्हणाले. "समोर सकाळी भाजीची गाडी लागते. ओरडतो तो. गल्लीच्या टोकाला देऊळ आहे, तिथला भोंगा आहे. संध्याकाळी बायका इथंच पायरीवर येऊन बसतात, तुमचीच पायरी आहे म्हणून सांगून उपयोग नाही. स्वल्प त्रास होईल. चालेल ना, सरी का?"

प्रत्येक दोषाला नवऱ्याच्या कपाळावर एक आठी पडत होती आणि आई मान डोलावत होत्या. शेवटी मालकांनी नवऱ्याकडे नजर टाकली.

"मुलगा ह्याच गावात असून तुम्ही एकट्या राहणार, अक्का?"

नवऱ्याने मान खाली घातली. याचीच त्याला भीती होती.

"तो आहे म्हणूनच तं या गावात येऊन राहिले," आई म्हणाल्या. "नाहीतर तुमच्या भाजीवाल्याचं ओरडणं ऐकायला मी नागपूरहून कायले आले असते?"

मालक हसले. किल्ली त्यांनी नवऱ्याच्या पुढे झालेल्या हाताला वळसा घालून आईंना दिली.

सुरुवातीलाच सगळं छान झालं असं नाही. पहिला आठवडा वाईट गेला. पाण्याची मोटर बिघडली, आईंना सर्दी झाली, पायरीवरच्या बायका कन्नडमध्ये बोलायच्या आणि आई आल्या की क्षणभर गप्प व्हायच्या. त्या दिवसांत आईंचा फोन संध्याकाळी न चुकता यायचा आणि त्यांचा आवाज जपून ठेवलेल्या कपड्यासारखा घडीचा असायचा. नवरा ऑफिसातून थेट तिकडे जायचा, औषधं ठेवायचा, परत येऊन झोपायचा. 'मी सांगत होतो' असं तो एकदाही म्हणाला नाही. मी वाट बघत होते, पण नाही म्हणाला. नंतर फोन एक दिवसाआड येऊ लागला. मग आम्हीच करायला लागलो, आणि बरेचदा त्या घाईत असायच्या.

होळीनंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं न कळवता गेलो. दाराला कुलूप. नवऱ्याने फोन लावला, तर तो घरातच वाजत होता. त्याने खिडकीतून आत डोकावून पाहिलं, मागे जाऊन आला, पुन्हा फोन लावला. पलीकडच्या पायरीवर लसूण सोलत बसलेली एक बाई हे सगळं बघत होती. तिने आधी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. आम्हाला कळलं नाही हे कळल्यावर ती हिंदीवर आली.

"किसको होना?"

"अम्मा को," नवरा म्हणाला.

"आप कौन?"

"मैं उनका बेटा."

तिने त्याला चपलांपासून केसांपर्यंत नीट पाहून घेतलं, मग माझ्याकडे, मग मुलीकडे. तिची खात्री झाली की नाही सांगता येणार नाही, पण तिने आम्हाला तूर्तास मान्य केलं.

"अम्मा आएगी अभी. बैठो. वो गाड़ी उधर से हटाओ, रास्ता बंद होता."

नवरा मुकाट्याने वळला आणि गाडी पार देवळापर्यंत नेऊन लावून आला. आम्ही पायरीवर बसलो. समोरून सायकली, स्कूटर, फुलांची टोपली घेतलेली एक बाई असं सगळं जात होतं आणि प्रत्येकजण आमच्याकडे वळून बघत होता: आईंच्या दारात हे कोण?

थोड्या वेळाने आई वळणावर दिसल्या. हातात पिशवी, शेजारी एक ठेंगणी बाई. दोघी एकाच वेळी बोलत होत्या. आई त्यांच्या भाषेत, ती तिच्या. मध्येच दोघी थांबल्या, ठेंगण्या बाईने कुठल्यातरी घराकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं आणि आईंनी कपाळावर हात मारला. एकूण त्या घरातली बातमी गंभीर होती.

आईंनी आम्हाला अजून पाहिलं नव्हतं. नवरा पिशवी घ्यायला उठू लागला. मी त्याची बाही धरली.

"बोलू दे," मी म्हटलं.

तो खाली बसला आणि सरकून त्याने पायरीवर थोडी जागा केली.